न चाखलेली आमटी

आमटीत मीठ किती घालायचं ते मला अजून कळत नाही. ही गेल्यापासून मीच रांधतो. मुलगा पुण्याला बोलावतो, सूनही चांगली आहे, पण मी जात नाही. रिटायर झाल्यावर टाउनशिपचं क्वार्टर सुटलं, तिथून जवळच दोन खोल्या बांधल्या, तिथेच राहतो. सकाळी डाळ शिजवतो, फोडणी देतो, मीठ टाकतो आणि डावातला थेंब तळहातावर घेऊन चाटतो. कमी वाटलं तर घालतो. जास्त झालं तर पाणी ओततो. आणि रोज त्या थेंबाला जीभ लावताना छातीत जरा धस्स होतं. आमटीची कसली भीती, असं कोणी विचारलं तर गोष्ट लांबून सांगावी लागते.

मी आठवी, तीही नापास. खानदेशातून भोपाळला आलो तो कारखान्यात हेल्पर म्हणून, पुढे फिटर झालो. हिचं लग्नाआधी मॅट्रिक झालेलं. आमच्या घरात मॅट्रिक म्हणजे कलेक्टरच. क्वार्टरच्या ओट्यावर बायका स्वेटर विणत बसायच्या तेव्हा ही आत पुस्तक घेऊन बसायची. बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं आणि टाउनशिपच्याच शाळेत सायन्सची टीचर झाली. माझ्या शिफ्टला बिहारचा एक दोस्त होता, क्रेन चालवायचा. तो म्हणायचा, "भाभी सबको पढ़ाती है, तुझे कब पढ़ाएगी?" मी म्हणायचो, "मुझे तो रोज़ पढ़ाती है, मैं रोज़ फेल होता हूँ."

मुलगा कॉलेजसाठी पुण्याला गेला त्या वर्षीची ही गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळांच्या सायन्स टीचरांना एका मोठ्या प्रयोगशाळेत बसवणार होते. तिथे माणसांच्या रोगांवर संशोधन चालायचं. टीचरांनी लांबून बघायचं नाही, शास्त्रज्ञांच्या शेजारी उभं राहून आपल्या हातानं काम करायचं, आणि मग शाळेत येऊन मुलांना तसं शिकवायचं, अशी योजना होती. हिनं अर्ज केला आणि हिला बोलावणं आलं.

"रोगांवर म्हणजे तिथे करतात काय?" मी विचारलं.

"रक्त तपासतात. थुंकी तपासतात. जंतू वाढवून बघतात."

"वाढवतात?"

"मग? वाढवल्याशिवाय दिसतील कसे?"

"कशाला बघायचे? आहेत तिथे राहू दे की त्यांना."

ती हसली. मग म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मी पोरांना बॅक्टेरियाचं चित्र काढायला लावते. गोल काढा, शेपूट काढा, बाण मारून नाव लिहा. मी स्वतः एकदाही पाहिलेला नाही. शाळेचा मायक्रोस्कोप कपाटात, कपाटाची किल्ली हेडमास्तरसाहेबांकडे. उद्या एखाद्या पोरीनं विचारलं, मॅडम तुम्ही बघितलाय का, तर काय सांगू?"

"सांग बघितला. कोण तपासायला येतंय?"

"तेच इतकी वर्षं सांगतेय," ती म्हणाली.

भोपाळच्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टीला भ्यायला शिकवावं लागत नाही. गॅस आमच्या टाउनशिपकडे आला नव्हता, पण ज्यांच्याकडे आला त्यांचे डोळे आम्ही पाहिले होते. कारखान्यात माझ्या डोक्यावरून टनाटनाचं लोखंड जायचं, त्याला मी कधी भ्यालो नाही. लोखंड दिसतं. पडलं तर आवाज करतं. ही जिथे चालली होती तिथलं काहीच दिसत नव्हतं आणि कशाचाच आवाज होत नव्हता. मी पहिल्या दिवसापासून घाबरलो.

सकाळी ती टाउनशिपच्या गेटवर मिनीबस धरायची, टी. टी. नगरला उतरून दुसरी बस घ्यायची. संध्याकाळी आली की मी तिला दारातच अडवायचो.

"आधी हात धू. साडी बदल."

"अहो, तिथे मी इथल्यापेक्षा जास्त हात धुते." चपला काढता काढता ती सांगायची. आत शिरताना पांढरा कोट, हातात रबरी मोजे, केस टोपीत. काहीही तोंडात घालायचं नाही, हा पहिला नियम. पेन नाही, बोट नाही, पाण्याचा घोट नाही. "तुमच्या आईचं सोवळं परवडलं," ती म्हणाली. "त्या निदान पाणी प्यायला द्यायच्या."

एका संध्याकाळी ती हात न धुताच सांगायला लागली. "पाहिला. अहो, हलतो तो. चित्रातल्यासारखा एका जागी बसत नाही. वळवळतो, आपटतो, परत पळतो. मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, माझ्या पोरांनी काढलेली सगळी चित्रं चूक आहेत."

मी जेवत होतो. ताटातला हात वर घेतला. "कुठे होता तो?"

"काचेवर. काचेखाली मेला असेल आता."

"असेल म्हणजे?"

ती इतकी हसली की तिला बसावं लागलं. मुलगा गेल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणून मी जेवत राहिलो. पण घास गिळताना मला त्याचं शेपूट दिसत होतं.

मग तो दिवस आला. माझी सकाळची शिफ्ट होती, मी दुपारी घरी होतो, कूलरमध्ये पाणी ओतत होतो. अजून ऊन कडक होतं तेवढ्यात ती आली. चपला घालून आत आली. लग्नापासून तिनं असं कधी केलं नव्हतं. पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसली.

"काय गं? लवकर सोडलं?"

"माझ्या तोंडात गेलं," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"पेशंटचं सीरम." मला कळलं नाही हे तिला कळलं. "रक्त ठेवून दिलं की खाली लाल बसतं, वर पिवळं पाणी राहतं. ते."

पिपेट म्हणून काचेची एक लांब नळी असते. पाणी, अ‍ॅसिड, जे काही असेल ते मापून घ्यायला. शाळेत आणि हिच्या कॉलेजात ती नळी तोंडानंच ओढायची पद्धत. कोल्ड्रिंकची नळी ओढतो तशी. हीच मुलांना शिकवायची, ओठांत धर, हळू ओढ, पाणी खुणेच्या वर चढलं की वरून बोट दाब. एखाद्या धांदरट पोराच्या तोंडात सोड्याचं पाणी जायचंच. ही त्याला चूळ भरायला लावायची आणि एक टपली मारायची. सगळ्या शाळांत हेच. पण त्या प्रयोगशाळेत नळीच्या टोकाला रबराचा फुगा लावतात. फुगा दाबायचा, सोडायचा, तोंडाचं काम नाही. त्या दिवशी डॉक्टरीणबाई बाजूच्या खोलीत गेल्या होत्या. हिच्या नळीचा फुगा चिरला होता, हवा धरत नव्हता. हिनं तो काढून बाजूला ठेवला.

"मी विचारच केला नाही हो. दुसरा फुगा समोर पडला होता. पण नळी हातात होती आणि हात वर आला. आयुष्यभर येतो तसा. ओठांत धरली आणि ओढली. खारट लागलं तेव्हा कळलं."

"खारट?"

"रक्त खारटच असतं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "थुंकले लगेच. चुळा भरल्या. ओरडून डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बघितलं ती बाटली कोणाची. त्या माणसाला कावीळ आहे. पाण्यातून होते ती नाही, रक्तातून होते ती. लिव्हर खाते ती."

तिच्या दोन्ही दंडांत सुया दिल्या होत्या. तिचं रक्त काढून घेतलं होतं. पहिल्या दिवशी सगळ्या टीचरांना या काविळीच्या लशीची एक सुई दिलेली होती, पण ती एकदा देऊन पुरत नाही, पुढच्या राहिल्या होत्या.

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि शेगडीचा गॅस बंद केला. तो चालू नव्हताच. गॅसची नळी चाचपून पाहिली, बटण फिरवून पाहिलं, आणि तिथेच ओट्याला धरून उभा राहिलो. बाहेर ती चपला काढत होती, तो आवाज आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. बाई केरळची, आमच्या मुलापेक्षा आठदहा वर्षांनी मोठी, बारीक चणीची. तिची हिंदी मोडकी, माझी त्याहून मोडकी, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. खुर्चीत बसायच्या आत मी विचारलं, "मरणार का ही?"

"अहो," ही म्हणाली.

"विचारू द्या," डॉक्टरीणबाई म्हणाली. "घाबरू नका असं मी सांगणार नाही. काही होईल असं मला वाटत नाही. थोडंसंच तोंडात गेलं, तोंडात जखम नाही, सुया वेळेवर दिल्या. पण मला वाटतं म्हणजे खात्री नाही. खात्री रक्तच देईल. हा आजार लपून बसतो. थोड्या दिवसांनी एकदा तपासू, पावसाळ्यात एकदा, आणि शेवटचं दिवाळी झाल्यावर. ते साफ निघालं की विषय संपला."

"तोवर?"

"तोवर खा, प्या, शाळेत जा. एका ताटात जेवलात तरी चालेल, तसा तो पसरत नाही. रक्तातून पसरतो. आणि नवरा-बायकोच्या संबंधातून. तेवढं जपायचं."

"या वयात?" मी म्हणालो.

"वयाचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "जपायचं एवढं माहीत आहे."

ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. कान लाल झाले होते.

बाहेर बसस्टॉपवर मी हिला सांगितलं, "उद्यापासून यायचं नाही. झालं तेवढं पुरे."

"उद्यापासूनच यायचंय. बाई या म्हणाल्यात."

"त्या म्हणतील. त्यांचं काय जातं?"

"माझं जातं." ती इकडेतिकडे बघून हळू बोलायला लागली, स्टॉपवर माणसं होती. "मी बसले घरी तर म्हणतील, शाळेच्या टीचरांना हे जमत नाही. पुढच्या उन्हाळ्यात कोणाला बोलावणार नाहीत. आणि आता त्या नळीला हात लावला नाही तर मग कधीच लावता येणार नाही. शाळेत काय करू? परत चित्रं काढू?"

"तुला नळीची भीती बसेल म्हणून तू जाणार. मला बसली त्याचं काय?"

"मग तुम्ही चला बरोबर," ती म्हणाली.

ती मला चिडवत होती. पण मी गेलो. माझी सुट्टी साठलेली होती. रोज हिच्याबरोबर दोन बस बदलून जायचो आणि गेटजवळच्या कडुनिंबाखाली बाकावर बसायचो. चौकीदार विदिशेचा होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाबूजी, मैडम को स्कूल छोड़ने आए हो?"

"भाग न जाए, इसलिए बैठा हूँ."

"औरत जात भागती नहीं," तो म्हणाला, "भगाती है." आणि मला तंबाखू दिली.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईनं मला आत बोलावलं. बाहेर बसून तुम्ही जास्त घाबराल, म्हणाली. चपला काढून मी एका काचेशी उभा राहिलो. पलीकडे ही पाठमोरी उभी होती, टोपी, कोट, मोजे. लांबून ओळखू येईना, पण डाव्या पायावर भार टाकून उभी राहायची सवय तिचीच. बाईनं तिला नुसतं साधं पाणी दिलं होतं. फुगा लावायचा, पाणी ओढायचं, दुसऱ्या भांड्यात सोडायचं. परत. परत. पाणीच होतं, तरी हिची नळी भांड्याच्या काठावर टिकटिक वाजत होती. फुगा हातात असूनही एकदा तिची मान खाली झुकली, ओठ नळीकडे जायला लागले, आणि मध्येच थांबली. तशीच थांबून राहिली. बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, शेजारी उभी राहून आपल्या नळीत पाणी ओढत राहिली. थोड्या वेळानं हिनं मान वर घेतली आणि फुगा दाबला.

मी बाहेर येऊन चौकीदाराजवळ बसलो. तंबाखू नको म्हटलं.

ट्रेनिंग संपलं, शाळा सुरू झाली, पहिली तपासणी साफ आली. डॉक्टरीणबाई म्हणाली, चांगलं आहे, पण ही लवकरची, हिच्यावर जाऊ नका. 'चांगलं आहे' हे मला ऐकू आलं नाही, 'पण' तेवढा ऐकू आला. मुलाला काही कळवलं नाही. शाळेत सांगायला हरकत नव्हती, पण हिनं सांगितलं नाही. पोरांचे आईबाप कसे असतात ते तिला माहीत होतं.

सकाळी उजाडलं की मी तिला अंगणात उभं करायचो आणि तिचे डोळे बघायचो. काविळीत डोळे पिवळे होतात एवढं मला माहीत होतं. ती स्वतःच खालची पापणी ओढून दाखवायची. "घ्या. पांढरा आहे? झालं? आता दूध आणा." एकदा संध्याकाळी कामावरून आलो तर ती दिवा लावत होती आणि तिची बोटं, नखं, तळहात, सगळं पिवळंधमक. मी दाराची चौकट धरली.

"काय झालं?" ती म्हणाली.

"हात."

तिनं हात पाहिले. "लोणचं घातलं आज. हळद आहे ती." आणि मग हसण्याऐवजी तिनं दोन्ही हात पदरात घेतले. तेव्हा मला कळलं की तिलाही तेच वाटत असतं. ती फक्त माझ्यासारखी बोलत नाही.

आता मिठाचं. ही आमटी, भाजी, काहीही करताना चाखून बघायची. डावातला थेंब तळहातावर, मग जीभ, मग टाळ्याला जीभ लावून एक आवाज. बाहेरच्या खोलीत बसून मला तो ऐकू यायचा. तो आवाज झाला की पाच मिनिटांत ताट, हे मला सवयीनं ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यापासून तो बंद झाला. पहिल्या दिवशी आमटी अळणी होती. दुसऱ्या दिवशी इतकी खारट की घशात जळजळ झाली. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मीठ कसं झालंय?"

"ठीक आहे."

"खोटं नका बोलू. चेहरा बघितलाय स्वतःचा?"

"मग चाखून बघत जा."

तिनं भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "जीभ लावते तेव्हा तेच येतं. खारट लागलं की तेच येतं." एवढंच बोलली. मी मिठाची बरणी माझ्या ताटाशी घेऊन जेवायला लागलो. अळणी असलं तर घालायचो. खारट असलं तर भात जास्त घ्यायचो. रोज आमटीचा पहिला घास घेताना तो माणूस मला आठवायचा, ज्याचं रक्त त्या बाटलीत होतं. त्याला मी कधी पाहिलं नाही. कुठल्यातरी वॉर्डात पडला असेल. त्याला ठाऊकही नसेल की टाउनशिपमध्ये एका घरात त्याच्यामुळे मीठ चुकतं.

डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं की ताटावाटीतून काही होत नाही. ही सायन्सची टीचर, हिला ते माझ्याहून चांगलं कळत होतं. तरी हिनं आपला पेला वेगळा केला. शेजारच्या नागपूरच्या वहिनी विरजण मागायला आल्या तर म्हणाली, "आज दही लागलंच नाही हो." पातेलं मागे ओट्यावर झाकलेलं होतं, वहिनींना दिसत होतं. वहिनी दुसऱ्यांदा आल्या, तिसऱ्यांदा आल्याच नाहीत. बाहेर ओट्यावर बायकांत बोलल्या, "टीचरीण झाली ना, आता चमचाभर दही पण सुटत नाही हातून." हिनं ऐकलं, मीही ऐकलं. सांगितलं असतं तर वहिनी गप्प झाल्या असत्या, पण मग सगळं टाउनशिप आमच्या दारावरून जाताना नाकाला पदर लावून गेलं असतं.

गणपतीत मात्र एक गंमत झाली. नैवेद्याचा स्वयंपाक कोणीच चाखत नाही, देवाच्या आधी जीभ लावायची नसते. त्या दिवशी वरण, भाजी, कोशिंबीर, सगळ्यात मीठ बरोबर होतं. मी तिला म्हणालो, "आज कसं जमलं?"

"आज चाखायचं नव्हतंच," ती म्हणाली. "त्यामुळे हात घाबरला नाही."

मग दुसऱ्या दिवशी परत अळणी.

शाळेत तिनं तोंडानं नळी ओढणं बंद केलं. साहेब म्हणाले, रबरी फुगे मागवायला वरून मंजुरी लागेल, आणि आजवर कोण मेलंय तोंडानं ओढून? ही घरी येऊन मला म्हणाली, "सायकलच्या भोंपूला रबराचा गोळा असतो ना, तो सुटा मिळतो का?" मी बाजारात सायकलवाल्याकडे गेलो आणि त्याच्याकडे होते तेवढे सगळे मागितले. तो म्हणाला, "चाचा, बारात निकालनी है क्या?" मी म्हणालो, "हाँ, मेरी." तो लागला हसायला. मला काही हसू येत नव्हतं. गोळ्यांचं तोंड मोठं आणि नळी बारीक, म्हणून मध्ये रबरी नळीचे तुकडे बसवले आणि तारेनं आवळले. पहिले काही हवा सोडायला लागले. मी ते परत परत केले, मोरीत बादली ठेवून एकेक तपासला. एकही चिरलेला जायला नको होता.

शाळेत पोरं ते गोळे दाबून भोंपूसारखा आवाज काढायची म्हणे. ही त्यांना ओरडायची नाही. एवढं सांगायची, "वाजवा हवं तेवढं. तोंडाला लावाल तर हात मोडीन."

पावसाळ्यातली तपासणीही साफ आली. मला वाटलं होतं त्या दिवशी भीती निम्मी होईल. उलट झालं. जितकं जवळ येत चाललं तितकं वाटायला लागलं की आता कुठेतरी घसरणार. उंच शिडी उतरताना शेवटच्या पायऱ्यांवर पाय घसरतो, फिटरच्या कामात हे मी खूप पाहिलंय. दिवाळीत मुलगा आला. आमटी खाऊन म्हणाला, "आई, मीठ विसरलीस." ही म्हणाली, "तुझ्या वडिलांना बीपी आहे." मला बीपी नव्हतं. मी मान हलवली.

दिवाळी झाली आणि रक्त देऊन आलो. उत्तर घ्यायला बोलावलं त्या दिवशी तिनं शाळेतून सुट्टी घेतली नाही. शाळा सुटल्यावर जाऊ म्हणाली. मी म्हणालो, सकाळीच जाऊ. ती म्हणाली, "काय निघायचं ते निघेल. सकाळी निघालं तर दिवसभर पोरांसमोर कशी उभी राहू?" मग मी दिवसभर कारखान्यात एकच नट आवळत बसलो. बिहारी दोस्तानं विचारलं, "भाई, उसे मार डालेगा क्या?" त्यालाही मी काही सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई आम्हाला बघून उठलीच. खुर्चीत बसा म्हणायच्या आत म्हणाली, "साफ़ है. और सुइयाँ भी लग गई हैं. अब आपको ये बीमारी कभी नहीं होगी." मग मराठीत ऐकलेला एक शब्द तिनं कुठून तरी काढला आणि म्हणाली, "बास."

हिनं विचारलं, "पुढच्या उन्हाळ्यात टीचर येणार?"

"येणार. आणि पहिल्या दिवशी तुम्ही त्यांना सांगायचं, कसं झालं ते."

"सांगेन," ही म्हणाली. पुढे ती दर उन्हाळ्यात एक दिवस जायची आणि नव्या टीचरांसमोर उभं राहून सांगायची की मी शिकलेली बाई, आणि मी ते ओठांनी ओढलं, कारण मी तसंच शिकले आणि तसंच शिकवलं.

ती त्यानंतर पुष्कळ जगली. गेल्या थंडीत चहा गाळता गाळता खाली बसली ती उठली नाही. हृदय बंद पडलं. काविळीचा त्यात काही संबंध नव्हता. मी डॉक्टरला तीन-तीनदा विचारलं, नव्हताच.

पण आता डाळीला फोडणी देताना मला आठवते ती शेवटचं उत्तर घेऊन आलो त्या दिवशीची संध्याकाळ. येताना टी. टी. नगरला बस बदलताना तिनं मेथीची जुडी घेतली. भाजीवालीशी भाव करायला विसरली. घरी आलो, ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून बूट काढत होतो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या. फोडणीचा चुर्र झाला. डाव पातेल्याच्या काठावर आपटला. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मी बुटाची नाडी सोडायची थांबलो.

मग जीभ टाळ्याला लागल्याचा तो आवाज आला.

"कमीच आहे," ती आतून म्हणाली, स्वतःशीच. मिठाच्या बरणीचं झाकण उघडलं.

मी एक बूट पायात, एक हातात, तसाच बसून राहिलो.